खर्डीची भाकरी आणि वडापावचा हिशेब

आम्ही आठ-दहा शिक्षक वर्षातून दोन-तीनदा सहलीला जातो. सहल म्हणायची एवढंच, खरं तर आम्ही खायला जातो. कधी थंडीतला हुरडा, कधी पोपटी, कधी नुसती मिसळ. गेल्या वर्षी आषाढातल्या एका रविवारी खर्डीचा बेत ठरला. कल्याणहून कसारा लोकल पकडायची, आसनगाव, आटगाव मागे टाकत खर्डीला उतरायचं, तासभर चालत एका पाड्यावर ओळखीच्या घरी जायचं. तिथे रानभाज्या, भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा जेवून संध्याकाळच्या लोकलने परत यायचं.

बेत ऐकून आमच्यातले गणिताचे सर म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी आलोच तर माझा डबा घेऊन येईन."

त्याआधीच्या दिवाळीत सरांना मधुमेह असल्याचं निदान झालं होतं. जानेवारीतल्या हुरड्याच्या सहलीला ते आले होते आणि सगळ्यांसारखे जेवले होते. दोन तासांनी बोटाला सुई टोचून त्यांनी रक्तातली साखर पाहिली, तर ती २६२ मिलिग्रॅम निघाली. त्या आकड्याची त्यांनी धास्ती घेतली. तेव्हापासून लग्न, बारसं, सहल, सगळीकडे ते एक तर जात नसत किंवा कोपऱ्यात बसून डब्यातलं खात.

यावर आमच्या एका बाईंनी त्यांना समजावलं, "अहो सर, एवढं चालणार आहोत की आपण! सगळं जिरून जाईल."

आम्हाला दोघांचंही म्हणणं पटेना. खाण्यासाठी प्रवास करायचा आणि पंगतीतून उठून जायचं, ही शिक्षा झाली. पण चाललं की सगळं जिरतं, हे तरी खरं आहे का? हा प्रश्न एकट्या सरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे असे एखादे सर किंवा बाई बहुतेक शिक्षकखोल्यांमध्ये असणार. तेव्हा आम्ही हिशेबच करायला बसलो.

घाट चढायला किती वडे लागतात?

खर्डीच्या पुढे उंबरमाळी आणि मग कसारा. कसाऱ्यापासून थळ घाट सुरू होतो. १८६५ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटर वर चढतो. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर जावं लागतं. म्हणून बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. गाडीला एवढे कष्ट पडतात, तर माणसाला किती पडतील?

समजा, ६० किलो वजनाचा माणूस कसाऱ्याहून चालत इगतपुरीच्या उंचीवर गेला. नववी-दहावीतलं सूत्र वापरू. वर चढण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची.

६० × ९.८ × ३०० = १,७६,४०० जूल.

एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८० जूल. भागाकार केला की उत्तर येतं फक्त ४२ किलोकॅलरी! पण आपले स्नायू म्हणजे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा काम करण्यात जातो, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. घाट चढताना घाम येतो तो यामुळेच. म्हणून ४२ ला ४ ने गुणू. झाले सुमारे १७० किलोकॅलरी.

आता एका वडापावचा हिशेब बघा. पाव साधारण ५० ग्रॅमचा. वड्यात बटाटा, बेसन आणि तळताना शोषलेलं तेल. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात, तेलातुपाच्या एका ग्रॅममधून ९. सगळं मिळून एका वडापावात सुमारे ३०० किलोकॅलरी असतात. वड्याच्या आकाराप्रमाणे थोड्या कमीजास्त.

म्हणजे थळ घाटाची उंची चढायला अर्ध्याहून थोडा जास्त वडापाव पुरतो!

"पण घाटात नुसतं वर जात नाही, पुढेही चालतोच की," असं तुमचे विद्यार्थी म्हणतील, आणि ते बरोबर आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर या चालीने चालल्यास ६० किलोच्या माणसाला, नुसतं बसून राहण्यापेक्षा, १२० ते १५० किलोकॅलरी जास्त लागतात. खर्डी स्टेशन ते पाडा आणि पाडा ते स्टेशन मिळून आम्ही दोन तास चालणार होतो. म्हणजे फार तर एक वडापाव. आणि आषाढातलं भरपेट जेवण हजार-बाराशे किलोकॅलरींचं सहज होतं.

तेव्हा बाईंचं म्हणणं हिशेबात बसत नाही. खाणं म्हणजे कर्ज आणि चालणं म्हणजे त्याची फेड, असं मानलं तर फेड कधीच पुरी होत नाही. उलट "आज खूप चाललो" या समाधानात परतीच्या वाटेवर आणखी दोन वडे खाल्ले जातात.

मग चालायचं कशाला?

चालण्याचं मोठं काम वेगळंच आहे. भात, भाकरी, पाव यांतल्या पिष्टाचं पचनानंतर ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. इन्सुलिन हे संप्रेरक स्नायूंच्या पेशींना जणू निरोप देतं, की दारं उघडा आणि ग्लुकोज आत घ्या. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात पेशी या निरोपाला नीट दाद देत नाहीत, आणि पुढे पुढे इन्सुलिनही अपुरं पडू लागतं. त्यामुळे ग्लुकोज रक्तातच साचून राहतं.

पण स्नायूंना आणखी एक वाट आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, म्हणजे आपण चालू लागलो, की इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही तो ग्लुकोज आत घेऊ लागतो. मधुमेही माणसातही ही वाट बरीचशी खुली असते. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते. त्याच्या आत चालायला लागलं तर ते टोक बोथट होतं.

आपल्याकडे जेवणानंतर शतपावली करण्याची रीत आहेच. रीत चांगली, पण शंभर पावलं तर मिनिटभरात संपतात. तिच्यावर एक शून्य वाढवा. हजार-दीड हजार पावलं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालणं, एवढं बहुतेकांना झेपतं. दिवसभर चालून मग जेवून झोपण्यापेक्षा त्यातला थोडा भाग जेवणानंतरसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

इथे एक सावधगिरी हवी. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर जास्त चालल्याने धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनी भरल्या पोटी चढ चढू नये.

पोट भरलं तरी जिलेबीला जागा

खाण्याच्या सहलीत आपण घरच्यापेक्षा जास्त का खातो? "हावरटपणा, दुसरं काय," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यामागे शरीराचा एक साधा नियम आहे.

एकच पदार्थ खात गेलं की त्या चवीचा कंटाळा येत जातो, पण इतर चवींचा येत नाही. भाकरी नको होते तेव्हाही जिलेबी चालते. १९८१ साली बार्बारा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही जणांना एकाच सारणाचे सँडविच दिले आणि दुसऱ्या वेळी चार निरनिराळ्या सारणांचे. चार सारणं असताना लोकांनी सुमारे एक-तृतीयांश जास्त खाल्लं.

हा नियम एरवी फायद्याचा आहे. निरनिराळे पदार्थ खाल्ले की निरनिराळी पोषकद्रव्यं मिळतात. पण सहलीत स्टेशनावर वडा, गाडीत भेळ, उतरल्यावर भजी, मग जेवण, मग गोड अशी रांग लागते आणि दर वेळी नवी चव नवी भूक उठवते. शिवाय पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात घाईने जेवणारा माणूस आणखी एक ताट संपवतो.

यावर उपाय म्हणून चवी कमी करायला नकोत. चवीसाठीच तर आपण घर सोडून निघालेलो असतो. आम्ही असं ठरवलं की तळलेलं आणि गोड मागवायचं ते चौघांत एक. पहिल्या दोन घासांत जी मजा असते ती आठव्या घासात नसते, हे प्रत्येकाने आठवून पाहावं. आणि चवींची रेलचेल करायची ती भाज्या, कोशिंबिरी, उसळी यांत. तिथे एक-तृतीयांश जास्त खाल्लं तर बरंच आहे. उपाशीपोटी निघायचं नाही, हेही ठरलं. फुटाणे, पेरू, काकडी पिशवीत असली की स्टेशनावरच्या वड्याची ओढ आपोआप कमी होते.

मावशींचं ताट आणि आमचं ताट

पाड्यावर पोहोचलो तेव्हा मावशी नुकत्याच लावणीवरून आल्या होत्या. पहाटेपासून गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची, मधेच येऊन आमचा स्वयंपाक करायचा, असा त्यांचा दिवस. शेवळाचे दिवस पहिल्या पावसाबरोबर सरले होते. पण टाकळा होता, कुर्डू होती, करटोली होती. उडदाचं वरण, खुरासणीची चटणी, नाचणीची आणि तांदळाची भाकरी, रस्सा आणि मोठं पातेलंभर भात.

गणिताच्या सरांनी डबा आणला होता. तो त्यांनी पिशवीतच ठेवला आणि आम्ही मिळून ठरवल्याप्रमाणे ताट वाढून घेतलं. अर्धं ताट भाज्यांचं. पाव भागात वरण आणि रश्श्यातले दोन तुकडे. उरलेल्या पावात एक नाचणीची भाकरी आणि मूठभर भात. खाण्याचा क्रमही ठरवला होता. आधी भाजी आणि वरण, मग भाकरी, शेवटी भात. भाज्यांतले तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पुढच्या पिष्टाचं ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरतं, असं अनेक प्रयोगांत दिसून आलं आहे.

मावशींना हे काही पसंत पडलं नाही. "मास्तर, एवढ्याशा भातात काय होतं? भाकर तरी घ्या अजून."

सरांनी आपलं दुखणं सांगितलं. मावशी हसून म्हणाल्या, "मंग बरोबर हाय. लावणीला आला असतात तर मीच तीन भाकरी वाढल्या असत्या."

आमच्या सगळ्या हिशेबाचं सार मावशींनी एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांच्या ताटातला भाताचा डोंगर त्यांच्या कामाच्या मापाचा आहे. लावणी, लाकूडफाटा, पाणी भरणं, डोंगर चढणं, हे सगळं त्यावर चालतं. आपण त्यांचं ताट जसंच्या तसं उचलतो, पण त्यांचं काम उचलत नाही. जेवून आपण लोकलच्या खिडकीशी डुलक्या घेतो. तेव्हा पदार्थ तेच ठेवावेत, पण ताटातली वाटणी बदलावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात हीच वाटणी आकड्यांत दिसते. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, तर भाज्या आणि फळं मिळून ५०० ग्रॅम. आपल्या रोजच्या जेवणात हे प्रमाण बरोबर उलटं असतं.

नाचणीबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. नाचणी गुणाची खरीच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पांढऱ्या तांदळात १० मिलिग्रॅमच्या आसपास. पण नाचणीतही दोन-तृतीयांश भाग कर्बोदकांचाच. "नाचणी आहे, कितीही खा," असं मधुमेही माणसाला कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

पावसाळा, पाणी आणि रानभाजी

आहार सांभाळला आणि पोट बिघडलं तर सहल वाया. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणं याच परिसरात आहेत. त्यांतलं तानसा तर १८९२ सालचं. तरीही शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरतात, पण वाहून आलेली घाणही त्यांत उतरते. म्हणून पाणी उकळलेलंच प्यावं, हात साबणाने धुवावेत, अन्न गरम असतानाच खावं. सकाळी शिजवून तसाच ठेवलेला भात संध्याकाळी खाऊ नये. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्याने वाढतात. जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावं.

रानभाजी ओळखण्याची हौस आपण करू नये. शेवळाचंच उदाहरण घ्या. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणून इथल्या बायका शेवळं नीट चिरून, काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालून भरपूर शिजवतात. कोणती भाजी कधी खुडायची, कोणती उकळून पाणी टाकायचं, हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, त्यांच्या हाताखाली राहून मिळतं.

वर्गात करून पाहा

१. शाळेच्या जिन्याची उंची मोजा. प्रत्येक विद्यार्थ्याने ४० किलो वजन धरून, एक वडापाव खर्च व्हायला जिना किती वेळा चढावा लागेल ते काढावं. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरावी. उत्तर पाहून वर्ग चकित होतो.

२. रविवारी घरी झालेल्या जेवणाचं ताट वहीत काढा आणि धान्य, डाळी, भाज्या असे भाग रंगवा.

३. महिन्यातून एका सहलीत १,००० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि दुसऱ्याने रोज चहाबरोबर १०० किलोकॅलरींची बिस्किटं जास्त खाल्ली. महिन्याअखेरीस कोण पुढे गेला? सहलीला दोष देण्याआधी हे गणित जरूर करावं.

मात्र एक पथ्य पाळा. वर्गात कुणाचं वजन सर्वांसमोर करू नका, कुणाच्या अंगकाठीवर बोलू नका. शहापूर-मुरबाडच्या शाळांत अशीही मुलं असतात, ज्यांना दोन वेळचं पुरेसं मिळत नाही. त्यांना कमी खाण्याचा धडा नको, भाकरीबरोबर डाळ, अंडं आणि भाजी मिळायला हवी. आमची सहल ज्या अन्नासाठी, ते ज्यांच्या शिवारात पिकतं त्यांच्याच मुलांना ते पुरावं, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

आणि सरांचं काय झालं?

जेवण झाल्यावर आम्ही पंधरा मिनिटं बांधाबांधाने हिंडलो, मग ओसरीवर बसून गप्पा मारल्या. दोन तास झाल्यावर सरांनी बोटाला सुई टोचली. आकडा आला १६८.

आमच्या बाई टाळ्या वाजवणार, इतक्यात सरच म्हणाले, "थांबा. यातून सिद्ध काहीच होत नाही." त्यांचं बरोबर होतं. जानेवारीत आणि आषाढात जेवण वेगळं होतं, चालणं वेगळं होतं, मधल्या काळात औषधाची मात्राही बदलली होती. एका वेळी एवढ्या गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही. एका माणसाच्या दोन आकड्यांवरून नियम काढायचा नसतो, हे आपणच मुलांना शिकवतो.

पण सरांना नियम काढायचा नव्हताच. आपल्याला पंगतीत बसता येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. परतीच्या लोकलमध्ये टिटवाळा आल्यावर त्यांनी पिशवीतला न उघडलेला डबा काढला आणि थंडीतल्या पोपटीला कधी जायचं ते विचारत तो आम्हा सगळ्यांत फिरवला. डब्यात मुगाची उसळ होती. चांगली झाली होती.